‘सबॉर्न’साठी एक खरं वाक्य

"हे वाक्य कुठून आणलंत, पेठेबाई?"

पाटणकर सरांनी माझं कार्ड टेबलावर ठेवलं आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. ते असे वरून पाहायला लागले की समोरच्याची धडगत नाही, हे आमच्या शिपायालासुद्धा ठाऊक होतं.

"मीच केलं, सर."

"केलंत म्हणजे?"

"सुचलं."

"सुचलं," ते म्हणाले. "हा कोश आहे, बाई. इथे सुचून कसं चालेल?"

शेजारच्या टेबलावर जोगळेकर मान खाली घालून हसला. त्याला हसायचा काडीचा अधिकार नव्हता. मागच्याच महिन्यात त्यानं अकरा शब्दांची वाक्यं आपल्या काकांच्या तोंडी घातली होती, आणि त्याला मुळात काकाच नाही हे कळल्यावर सरांनी ती अकराच्या अकरा कार्डं त्याच्या डोळ्यांदेखत फाडली होती.

गोष्ट एकोणऐंशी सालची, पुण्यातली. आमचं कोश मंडळ म्हणजे एका छापखान्यावरच्या दोन खोल्या, लाकडी खणांची कपाटं आणि आम्ही पाच माणसं. इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ आणि खाली तो शब्द वापरलेलं एक वाक्य, असं एकेक कार्ड तयार करायचं. त्या वाक्याच्या बाबतीत पाटणकर सरांचा एक नियम होता आणि तो मोडलेला त्यांना मुळीच खपत नसे. वाक्य रचलेलं नको. कुणीतरी खरोखर लिहिलेलं किंवा बोललेलं हवं, नाहीतर निदान त्यातली गोष्ट तरी खरी घडलेली हवी. कार्डाच्या मागे पुरावा लिहायचा. पुस्तक असेल तर पान, वर्तमानपत्र असेल तर तारीख, माणूस असेल तर नाव-गाव. दुसऱ्या कुठल्या कोशाची अशी तऱ्हा असेल असं मला वाटत नाही. आम्ही मागे त्यांना सत्यनारायण म्हणत असू, आणि मनातून त्यांना मानतही असू. मी तर फारच मानत होते. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण त्यांनी कधी अर्धा शब्द इकडचा तिकडे केलेला मी पाहिला नव्हता.

त्या दिवशी माझ्या वाट्याला आलेला शब्द होता ‘सबॉर्न’. क्रियापद. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, तरी हा प्राणी तोवर माझ्या डोळ्यांखालून गेला नव्हता.

"आणि अर्थही चुकलाय," सर म्हणाले. "‘साक्षीदार फोडणे’ लिहिलंत. फोडतात तो समोरच्याचा साक्षीदार. हे तसं नाही."

"मग ‘साक्षीदाराला पढवणे’?"

"पढवलेला माणूस खरंही सांगत असेल. कोर्टात बावचळेल म्हणून वकील त्याची तयारी करून घेतो. त्यात काही पाप नाही." त्यांनी पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. "इथे साक्ष खोटी हवी. जे पाहिलं नाही ते पाहिलं, असं शपथेवर सांगायला लावायचं. लाच देऊन लावा, धाक घालून लावा, गोड बोलून लावा. लावणारा जे करतो त्याला हे क्रियापद."

"मराठीत एका शब्दात येत नाही, सर."

"नसू दे येत. पाच शब्दांत लिहा. पण वाक्य खरं आणा. एवढ्या मोठ्या पुण्यात खोट्या साक्षीचं एक खरं वाक्य मिळू नये तुम्हाला?"

जोगळेकर पुन्हा हसला. मी मात्र हसले नाही, कारण वाक्य माझ्याजवळ होतं. माझ्या घरातलं होतं, आणि ते मी मेले तरी सांगणार नव्हते.

माझे वडील, नाना, एका तालुक्याच्या गावी हायस्कूलचे हेडमास्तर होते. नारायण बळवंत आठल्ये. बावन्न साली मॅट्रिकच्या परीक्षेत आमच्या शाळेतलं भूमितीच्या पेपरचं पाकीट उघडून पुन्हा चिकटवलेलं सापडलं. लाखेचा शिक्का मोडून वर नवी लाख ओतलेली. कपाटाच्या किल्ल्या दोनच, एक नानांकडे आणि एक संस्थेच्या चिटणिसांकडे. नाना आणि चिटणीस यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या गावाला माहीत होतं. खटला उभा राहिला. मॅट्रिकलाच बसलेल्या एका मुलानं शपथेवर सांगितलं की पेपरच्या दिवशी सकाळी साडेसहाला त्यानं ऑफिसच्या खिडकीतून हेडमास्तरांना मेणबत्तीवर लाख तापवताना पाहिलं. डोंगऱ्यांचा यशवंत. त्या एका साक्षीवर नानांना तीन महिन्यांची कैद झाली, नोकरी गेली आणि आम्हाला गाव सोडावं लागलं.

मी तेव्हा पाच वर्षांची होते. पुण्यात येऊन आई लोकांचे कपडे शिवायला लागली, आणि मशीन चालवता चालवता येईल-जाईल त्याला सांगायची, "देवमाणूस आहे हो. त्या पोराला वकिलानं शिकवून उभं केलं." अगदी शेवटच्या दुखण्यातही तिचं तेच चालू होतं. मला जवळ बोलावून म्हणाली, "कुमुद, नानांचं नाव धुऊन निघालेलं मला काही बघायला मिळालं नाही. तू बघ." नाना स्वतः त्या विषयावर एक अक्षर बोलत नसत. आई गेल्यावर ते माझ्याच घरी राहायला आले. माझे यजमान भूमापन खात्यात, महिन्यातले वीस दिवस दौऱ्यावर, त्यामुळे घरात बहुतेक वेळ आम्ही दोघंच. थोरला भाऊ पद्माकर भुसावळला रेल्वेत होता. तो दिवाळीला पत्र टाकी, येत मात्र नसे.

नानांना चौऱ्याहत्तरावं चालू होतं. त्यांनी डोळे मिटायच्या आत कुणीतरी चारचौघांत म्हणावं की आठल्ये मास्तरांनी ते केलं नव्हतं, एवढीच माझी इच्छा होती. ती कशी पुरी होणार हे मला ठाऊक नव्हतं. डोंगऱ्यांचा तो यशवंत कुठे आहे, आहे की नाही, याचा कधीच पत्ता लागला नव्हता.

"हरवलात कुठे?" सर म्हणाले. "द्या इकडे."

त्यांनी एक कोरं कार्ड पुढे ओढलं. एरवी झरझर लिहिणारा माणूस, पण त्या एका वाक्याला त्यांना पाच मिनिटं तरी लागली असतील. मग कार्ड उलटून मागे पुरावा लिहिला, ते माझ्याकडे सरकवलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

वरचं वाक्य इंग्रजीत होतं. खाली त्याचं मराठी होतं. ‘वकिलाने एका विद्यार्थ्याला सबॉर्न करून, हेडमास्तरांनी प्रश्नपत्रिकेचे सील मोडल्याची खोटी साक्ष त्याच्याकडून देवविली.’

मी कार्ड उलटलं. मागे लिहिलं होतं, ‘स्वानुभव. १९५२.’ आणि पुढे आमच्या गावाचं नाव.

आधी मला काही उमगेचना. मग वाटलं, कुणीतरी यांना माझ्या घरचं सांगितलंय आणि हे माझी क्रूर थट्टा करतायत. मी ते कार्ड तीनदा वाचलं.

"स्वानुभव म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तो विद्यार्थी मी," सर पाठमोरेच म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखा. दुसऱ्यांकडून खरी वाक्यं मागायची आणि स्वतःजवळचं लपवून ठेवायचं, हे आज जमेना."

"तुमचं नाव पाटणकर आहे."

"ते दत्तक गेल्यावरचं. आत्याला मूलबाळ नव्हतं. त्रेपन्न साली मला तिच्या घरी दत्तक दिलं. नाव बदललं, आडनाव बदललं, बापाचं नावसुद्धा बदललं. त्याआधी मी..."

"यशवंत डोंगरे," मी म्हणाले.

ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

"मी आठल्ये मास्तरांची मुलगी," मी म्हणाले. "धाकटी."

जोगळेकर खुर्ची सरकवून उठला आणि चहाला खाली निघून गेला. त्या माणसानं आयुष्यात केलेलं ते एवढंच शहाणपणाचं काम. सर टेबलाचा काठ धरून खाली बसले. मला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. सत्तावीस वर्षं आमच्या घरात ज्या नावाला शिव्याशाप दिले गेले, तो माणूस रोज मला ‘या, पेठेबाई’ म्हणत होता आणि मी उठून उभी राहत होते.

"वडील संस्थेत कारकून होते," तेच बोलायला लागले. "चिटणीस म्हणाले, मुलाला वकिलाकडे पाठवा. नाही कोण म्हणणार? आठ दिवस मी वकिलाच्या घरी होतो. सकाळी शिरा खायला घालायचे आणि मग उजळणी. खिडकी कुठली, ऊन कुठून येत होतं, मास्तरांच्या अंगात कोट होता की नुसता सदरा. चुकलं की पहिल्यापासून. शेवटी शेवटी मला ते खरंच दिसायला लागलं होतं, बाई. पण मी काही पाहिलं नव्हतं. साडेसहाला मी अंथरुणात होतो."

"मग नानांनी ते केलं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं."

"केलं असतं तर खोटा साक्षीदार कशाला उभा करावा लागला असता?" त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आहेत का मास्तर?"

"आहेत. माझ्या घरी."

त्यांनी टोपी उचलली. नेहमी पाचच्या ठोक्याला निघणारा माणूस, त्या दिवशी चारला निघाला. वाटेत रस्ता ओलांडताना ते दोनदा सायकलखाली येता येता वाचले.

नाना गॅलरीत खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होते. मी म्हणाले, "नाना, कुणी आलंय."

"या, बसा," नाना म्हणाले. त्यांना वाटलं, माझ्या कचेरीतले कुणी.

सर बसले नाहीत. "मास्तर, मी यशवंत," ते म्हणाले. "डोंगऱ्यांचा."

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. तेवढ्यात सरांनी खाली बसून त्यांचे पाय धरले आणि ते मोठ्यानं रडायला लागले. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस असा रडताना मी तोवर पाहिला नव्हता. शेजारच्या बाई गॅलरीत डोकावल्या तशी मी दोन्ही गॅलऱ्यांच्या मधलं दार लोटून घेतलं.

मला वाटलं होतं, नाना त्यांना झिडकारतील, निदान तोंड तरी फिरवतील. त्यांनी सरांच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ," नाना म्हणाले. "ऊठ, यशवंता. पोर होतास तू तेव्हा."

"मला माफ करा असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू?"

"म्हणू नकोस. मी तुझ्यावर कधी रागावलोच नव्हतो."

मला हुंदका आवरेना. आई म्हणायची तेच खरं, माझ्या घरात देवमाणूस राहतोय, असं मला त्या क्षणी वाटलं.

सर डोळे पुसून उभे राहिले. "मी जाहीर निवेदन देणार आहे, मास्तर. वर्तमानपत्रात, नावानिशी. पुढे माझं काय व्हायचं ते होवो."

"नको," नाना म्हणाले.

"मला ते केलंच पाहिजे."

"मी सांगतोय ना, नको. झालं ते झालं. तू घरी जा आणि शांत झोप."

"तुम्ही नको म्हणणारच," सर म्हणाले. "तुमचा स्वभावच तो. उद्या सकाळी मसुदा करतो. पेठेबाई, साक्षीदार म्हणून तुमची सही लागेल." आणि नानांना पुन्हा वाकून नमस्कार करून ते जिना उतरून गेले.

मी देवापुढे साखर ठेवली. निरांजन लावताना काडी दोनदा विझली, इतकी मी आनंदानं वेडी झाले होते. बाहेर येऊन नानांना त्या कार्डाची सगळी हकीगत सांगितली आणि म्हणाले, "आज आई हवी होती."

नानांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "काय वाक्य लिहिलंय म्हणालीस त्यानं? बघू ते कार्ड."

मी पर्समधून काढून दिलं. नानांनी ते आधी पुढून वाचलं, मग मागून, पूर्वी वह्या तपासताना वाचत असतील तसं, शब्दाशब्दावर बोट ठेवून.

"वाक्य बरोबर आहे," ते म्हणाले. "शब्दही चोख वापरलाय. त्यानं काही पाहिलं नव्हतं. खिडकी बंद होती."

मी मान हलवली. निरांजन नीट लागलंय का ते बघायला आत जायला वळले, आणि उंबऱ्यातच थांबले.

"खिडकी बंद होती हे तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लावून घेतली होती," नाना म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ माझ्यापर्यंत पोचायला किती वेळ गेला कोण जाणे. खाली भाजीवाला ओरडत चालला होता. तो पार कोपऱ्यापर्यंत जाईतो मी दाराची चौकट धरून उभी होते.

"पद्मा दोनदा नापास झाला होता," नाना सांगायला लागले. माझ्याकडे न बघता, समोरच्या कठड्याकडे बघत. "दुसऱ्या खेपेला निकाल लागला त्या दुपारी आपल्या गड्यानं त्याला विहिरीच्या काठावरून धरून आणला. तू चार वर्षांची होतीस. तुझ्या आईला मी सांगितलं, उन्हानं चक्कर आली. तिसऱ्या वेळी त्याला पाठवताना मला रोज ती विहीर दिसायची. बाकीच्या विषयांत तो निघाला असता. भूमितीत नाही. मी पाकीट उघडलं, दोन प्रमेयं पाहिली आणि बंद केलं. जाता जाता त्याला म्हणालो, ही दोन एकदा डोळ्यांखालून घाल. फक्त दोन. अडतीस मार्क पडले त्याला."

"पद्मादादाला माहीत आहे?"

"त्यानं कधी विचारलं नाही. घरी येत नाही, त्यावरून समजायचं ते समज."

"आणि आई?"

"तिला सांगितलं असतं तर ती जगली असती कशाच्या आधारावर?"

मी काय बोलले ते मला आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सगळं आठवत नाही. खूप बोलले एवढं खरं. मी तशी फटकळच, पण बापाला तसं कधी बोलले नव्हते. मशीनवर बसून बसून वाकलेली आईची पाठ, आमच्याकडे येऊन बापाचं नाव ऐकताच परत गेलेली माणसं, सगळं त्यांच्या पुढ्यात टाकलं.

"कोर्टात का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? हा मुलगा खोटं बोलतोय, कारण खिडकी बंद होती, असं?" नाना म्हणाले. "तो पिंजऱ्यात उभा राहून माझ्या कोटाचा रंग सांगत होता आणि मला कळत होतं की ह्याला कुणीतरी बसवून घोटून घेतलंय. त्याला तरी सोडवावं असं मनात यायचं. पण मी तोंड उघडलं असतं तर पद्मा अडकला असता. मी काहीच बोललो नाही."

"आणि आज? त्यांना तुमचे पाय धरू दिलेत, नाना. डोक्यावर हात ठेवलात."

"हो," नाना म्हणाले. "तू दारात उभी होतीस. तुझ्या तोंडाकडे बघून मला ते सांगता येईना."

मग त्यांनी माझा हात धरला. त्यांनी असा हात धरल्याचं मला लहानपणापासून आठवत नव्हतं.

"उद्या सकाळी लवकर जा आणि त्याला सगळं सांग. माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तू सांग. निरपराध माणसाला तुरुंगात धाडलं असं समजून तो पोरगा सत्तावीस वर्षं जळतोय. एवढं तरी त्याच्या छातीवरचं उतरव. सांगशील?"

"सांगते," मी म्हणाले.

सकाळी घरापासून मंडळापर्यंत मी मनातल्या मनात वाक्य जुळवत गेले. नानांनी ते केलं होतं, सर. तुम्ही पाहिलं नव्हतं, पण त्यांनी केलं होतं. एवढंच बोलायचं होतं. छापखान्याच्या जिन्यावर मी ते हलक्या आवाजात म्हणूनही पाहिलं.

सर माझ्या आधी आले होते. गुळगुळीत दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. टेबलावर मसुदा तयार होता. मला बघून ते हसले. त्यांना असं हसताना आम्ही क्वचितच पाहिलं होतं.

"झोप लागली, बाई, कितीतरी वर्षांनी," ते म्हणाले. "बसा. एक अडचण आहे, ती तुम्हीच सोडवू शकता. मी खोटी साक्ष दिली, मी काही पाहिलं नव्हतं, हे मी लिहिलंय. ते मला ठाऊक आहे. पण मास्तरांनी ते केलं नव्हतं, हे मी कसं लिहू? ती माझी समजूत झाली. माझ्याजवळ पुरावा नाही. काल मी गेल्यावर ते ह्याबद्दल काही बोलले का? जे बोलले असतील ते त्यांच्याच शब्दांत सांगा. तसंच घालतो."

पेन उघडून ते वाट बघत राहिले. खाली छापखान्याचं यंत्र चालू झालं होतं आणि टेबल त्याच्या ठोक्यानं हलत होतं. माझ्या तोंडाशी वाक्य आलेलं होतं. जिन्यावर घोकलेलं, अगदी तयार. आणि मला आई दिसली, चष्म्याला दोरा बांधून सुई ओवणारी. तू बघ, म्हणाली होती.

"बोलले," मी म्हणाले. "नाना म्हणाले, मी त्या पाकिटाला हातसुद्धा लावला नव्हता."

सरांनी ते शब्दाला शब्द लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं. विचारलं, "हेच ना?"

"हेच," मी म्हणाले.

त्यांनी कागद फिरवून माझ्यापुढे केला. खाली साक्षीदाराची ओळ होती. मी सही केली, कुमुद वामन पेठे, आणि हात जराही हलला नाही. याचंच मला त्यानंतर कितीतरी दिवस भय वाटत राहिलं.

निवेदन गुरुवारी छापून आलं. दुपारी नानांचे दोन जुने विद्यार्थी हार आणि पेढे घेऊन आले. एक जण तर नानांच्या गळ्यात हार घालताना रडला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बघा, शेवटी देवाला डोळे असतात." हार घातला तसा नानांनी घालून घेतला आणि पाहुणे जाईतो मान खाली घालून बसून राहिले.

शनिवारी मंडळाची सभा भरली. खोटी साक्ष दिल्याचं स्वतः कबूल करणारा माणूस कोशाचा संपादक कसा राहील, असं विश्वस्तांचं म्हणणं पडलं. सरांनी तिथेच राजीनामा लिहून दिला. खणातल्या पेन्सिली, चष्म्याचं घर आणि एक जुना टॉवेल एवढं सामान पिशवीत भरून ते निघाले. माझ्या टेबलाशी थांबले.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "हे माझं देणंच होतं. मास्तरांना जपा."

ते जिना उतरेपर्यंत मी उठले नाही. मग उठून मागच्या खोलीत गेले आणि कपाटाच्या आडोशाला उभी राहून तोंडात पदर कोंबला. जोगळेकरनं दारातून पाहिलं. तो हसला नाही.

घरी आले तेव्हा नाना गॅलरीतच होते. गुरुवारचं वर्तमानपत्र अजून त्यांच्या मांडीवर होतं. सरांची नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली.

"तू त्याला सांगितलं नाहीस," ते म्हणाले.

"नाही."

त्यांनी छापलेल्या मजकुरावर बोट ठेवलं. "हे मी म्हणालो म्हणून घातलंय. मी असं म्हणालो होतो?"

"नाही, नाना."

"मग हे सांगायला तुला कुणी लावलं? पद्माचं पत्र आलं होतं?"

"नाही. कुणीच लावलं नाही."

नाना माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. पण ते भ्यायले होते. स्वतःच्या मुलीला भ्यायलेला बाप मी त्या दिवशी पाहिला.

"त्या पोराच्या मागे निदान वकील तरी होता," ते म्हणाले.